दर २८ तारखेला पगाराचा एजंट मान टाकतो? ‘रीकनेक्ट’ दाबायच्या आधी हे बघा

आमचा कारखाना इंदूरला सांवेर रोडवर, गाड्यांचे छोटे पार्ट बनतात, ३४० माणसं आणि शिवाय पुण्याजवळ चाकणला एक लहानसा डेपो. मी इथला आयटीवाला, म्हणजे प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी मीच आणि सर्व्हर बसला तरी मीच. एचआर आणि पगार एका क्लाउड सॉफ्टवेअरवर आहे, नाव नाही घेत, आणि जानेवारी २०२५ मध्ये आम्ही त्याला एक एआय एजंट जोडला. लोक व्हॉट्सअ‍ॅपवर विचारतात रजा किती उरल्या, पगार कधी, स्लिप पाठव, आणि एजंट एपीआयमधून (म्हणजे एका प्रोग्रॅमनं दुसऱ्याकडून माहिती मागायचं दार) काढून सांगतो. महिनाभर झकास चाललं. मग २८ फेब्रुवारीला संध्याकाळी बंद पडला, २८ मार्चला परत, २८ एप्रिलला परत. दर वेळी कोणीतरी सॉफ्टवेअरमध्ये जाऊन ‘रीकनेक्ट’ दाबायचं, लॉगिन करायचं, आणि दोन मिनिटांत सगळं सुरू. हीच खरी गोची होती. बटण दाबून बरं होतंय म्हटल्यावर मुळात कोण जातंय.

बंद पडला म्हणजे गप्प बसला असता तर एक वेळ चाललं असतं. आमचा एजंट बोलत राहिला. एका ऑपरेटरनं रजा विचारल्या तर म्हणाला, तुमच्या खात्यात एकही रजा शिल्लक नाही. दुसऱ्याला म्हणाला, या महिन्याची तुमची हजेरी नोंदलेली नाही. २८ तारखेला, पगाराच्या तोंडावर, कारखान्यातल्या माणसाला हे ऐकवा आणि मग बघा काय होतं ते. एचआरच्या ताईंचा फोन आला तेव्हा मागून इतका कल्ला ऐकू येत होता की मला वाटलं संप झाला.

आता कारण शोधताना आम्ही काय काय केलं ते आधी सांगतो, कारण तुम्हीही हेच करत असणार. सॉफ्टवेअरच्या सपोर्टला लिहिलं, उत्तर आलं की टोकन (आत शिरायचा तात्पुरता पास) एक्स्पायर झालंय, रीकनेक्ट करा. अकाउंटचे काका म्हणाले, नेटच खराब आहे आपल्याकडचं, पावसाळ्यात तर विचारूच नका (पावसाळ्याला तेव्हा तीन महिने होते). मालकांच्या मुलाचं मत पडलं की एजंटमागचं एआय मॉडेल बदलून बघू, मोठं घेऊ. मी मॉडेल बदललंसुद्धा. काडीचा फरक नाही, फक्त ‘रजा शिल्लक नाही’ हे जास्त नम्र भाषेत सांगायला लागला.

एप्रिलच्या वेळी मात्र मी वैतागून तिन्ही महिन्यांचे लॉग, म्हणजे सिस्टिमनं लिहून ठेवलेल्या नोंदी, एकाखाली एक लावले. एजंटचं उत्तर बघायचंच नाही असं ठरवलं, फक्त त्यानं एपीआयला काय विचारलं आणि तिकडून काय आलं तेवढंच. तिन्ही वेळा गडबड संध्याकाळी सहाला सुरू. सहाच्या आसपास नाही हं, बरोब्बर सहाला. एप्रिलचा लॉग असा होता: ६ वाजून २ सेकंदांनी टोकन नवीन करायची एक विनंती, पास. ६ वाजून ३ सेकंदांनी टोकन नवीन करायची दुसरी विनंती, फेल, ‘इनव्हॅलिड ग्रँट’. आणि त्यानंतर सगळीकडे ४०१, ४०१, ४०१, म्हणजे ‘ओळख पटत नाही’. एका सेकंदाच्या अंतरानं दोन विनंत्या का गेल्या? एजंट तर एकच आहे ना?

एजंट एकच, पण त्याच कनेक्शनवर मीच जानेवारीत अजून एक काम लटकवलं होतं आणि विसरलो होतो. दर महिन्याच्या २८ ला संध्याकाळी सहा वाजता हजेरीच्या मशीनचा डेटा पगाराच्या सॉफ्टवेअरशी पडताळून बघणारी एक स्क्रिप्ट. तिला वेगळी परवानगी काढायचा कंटाळा केला आणि एजंटचंच टोकन दिलं. हा माझा गाढवपणा, कबूल.

आता हे आपटतं कसं ते नीट समजून घ्या, बाकी सगळं यातच आहे. ओऑथमध्ये (पासवर्ड न देता एका सॉफ्टवेअरला दुसऱ्यात शिरू द्यायची पद्धत) दोन टोकन असतात. अ‍ॅक्सेस टोकन थोड्या वेळाचं, आमच्याकडे एक तासाचं, त्यानं डेटा मिळतो. ते संपलं की रिफ्रेश टोकन दाखवून नवीन घ्यायचं. आता बऱ्याच ठिकाणी हे रिफ्रेश टोकनही दर वेळी बदलतं, म्हणजे नवीन अ‍ॅक्सेस टोकनाबरोबर नवीन रिफ्रेश टोकन हातात येतं आणि जुनं फाटलं. आणि ते फाटलेलं जुनं कोणी परत दाखवलं तर सर्व्हर असं धरून चालतो की चोरी झालीय, आणि त्या साखळीतली सगळी टोकन रद्द करून टाकतो, नुकतंच दिलेलं नवं कोरं टोकनसुद्धा. म्हणजे एकाला नकार आणि दुसऱ्याचं चालू, असं नाही होत. दोघंही बाहेर.

मग रोज का नाही होत, २८ लाच का? आमच्याकडे लाइनवर मोबाइल न्यायला बंदी आहे, सगळे फोन लॉकरमध्ये. दुपारच्या चहानंतर एजंटला कोणी काही विचारतच नाही, त्यामुळे सहाला जनरल शिफ्ट सुटेपर्यंत एक तासाचं टोकन कधीचंच मेलेलं असतं. भोंगा वाजतो, लॉकर उघडतात, पहिला मेसेज येतो ‘भिया, तनखा कब’, एजंट बघतो की टोकन संपलंय, आणि नवीन मागतो. इतर दिवशी तो एकटाच मागणारा. २८ ला त्याच सेकंदाला स्क्रिप्टही जागी होते, तिलाही तेच मेलेलं टोकन दिसतं, आणि तीही तेच रिफ्रेश टोकन घेऊन दारात उभी. बस, झालं काम.

तुमच्याकडे हेच आहे का हे कसं ओळखायचं? डेटाच्या पत्त्यावरून ४०१ आला तर त्यात विशेष काही नाही, अ‍ॅक्सेस टोकन संपलं असेल. टोकनच्या पत्त्यावरून काय आलं ते बघा. तिकडून ४०० बरोबर ‘इनव्हॅलिड ग्रँट’ आला असेल तर रिफ्रेश टोकनच मेलंय, आणि मग प्रश्न असा की ते कोणी मारलं. लॉगमध्ये त्याच्या आधीच्या एक-दोन मिनिटांत टोकन नवीन झाल्याची दुसरी एखादी यशस्वी नोंद सापडली तर आमच्यासारखीच केस. नाही सापडली तर कनेक्शन कोणाच्या लॉगिननं जोडलंय ते बघा. नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या नावावर असेल, किंवा त्या माणसानं पासवर्ड बदलला असेल, तरी तिथेही हेच अक्षर दिसतं. आणि ४०३ येत असेल तर टोकनाच्या मागे लागूच नका, ओळख पटलीय पण परवानगी नाहीये, रोलमध्ये (कोणाला काय बघता-करता येतं ते जिथे ठरतं) जाऊन बघा. ४२९ असेल तर तुम्ही फार वेगानं विचारताय, उत्तराच्या हेडरमध्ये ‘रिट्राय आफ्टर’ मध्ये किती सेकंद थांबायचं ते बऱ्याचदा लिहिलेलं असतं, तेवढं थांबा. आमच्या एजंटला कोणी ‘सगळ्यांच्या रजा दाखव’ म्हटलं की तो ३४० वेळा एकेका माणसाची रजा विचारत सुटायचा, तिथे ४२९ येणारच.

दुरुस्ती दोन भागांत केली. स्क्रिप्टला स्वतःची वेगळी ओळख काढून दिली, क्लायंट क्रेडेन्शियल्सवाली, त्यात कोणा माणसाचं लॉगिन नसतं आणि साधारणपणे रिफ्रेश टोकनाची भानगडही नसते, संपलं की आपली ओळख दाखवून सरळ नवीन घ्यायचं. मशीनचं काम मशीनच्या नावावर. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय असेल तर पहिलं हेच करा, निम्मा त्रास तिथेच संपतो. दुसरं, एजंटच्याही दोन प्रती चालतात आमच्याकडे, एक पडली तर दुसरी असावी म्हणून, त्यांच्यात पण उद्या हेच भांडण लागणार, म्हणून टोकन ठेवायचं काम एकाच जागी आणलं. डेटाबेसमध्ये एक ओळ, तिला कुलूप, ज्याला नवीन टोकन हवं त्यानं आधी कुलूप घ्यायचं. इथे एक बारीक गोष्ट आहे जी मी पहिल्या दिवशी विसरलो आणि परत आपटलो: कुलूप मिळाल्यावर लगेच टोकन मागायला धावायचं नाही, आधी ती ओळ पुन्हा वाचायची, कारण तुम्ही रांगेत उभे असताना पुढच्यानं नवीन टोकन आणून ठेवलेलं असू शकतं. ते न वाचता हातातलं जुनं घेऊन गेलात तर कुलूप लावूनही चोर तुम्हीच ठरता. आणि नवीन टोकन आलं की वापरायच्या आधी लिहून ठेवा, नाहीतर मध्येच प्रोसेस मेली तर ते टोकन तिच्याबरोबर गेलं.

आता त्या ‘रजा शिल्लक नाही’ वर येतो, कारण टोकन तुटण्यापेक्षा ते वाईट होतं. एपीआयमधून ४०१ आला की आमचं टूल (म्हणजे एजंट ज्याच्यातून एपीआयला विचारतो तो कोडचा तुकडा) एरर पकडून रिकामी यादी परत द्यायचं. मीच लिहिलेला कोड, क्रॅश होऊ नये म्हणून. मॉडेलला बिचाऱ्याला काय कळणार, त्याला रजांची रिकामी यादी मिळाली, त्यानं इमानदारीत सांगितलं की रजा नाहीत. रिकामं उत्तर आणि न मिळालेलं उत्तर या दोन गोष्टी टूलनं वेगळ्या द्यायलाच हव्यात. आता आमचं टूल साध्या भाषेत वाक्यच परत देतं: पगाराच्या सिस्टिमशी संपर्क झाला नाही, ही माहिती मिळालेली नाही, अंदाजानं उत्तर देऊ नकोस. मोठ्या मॉडेलनं जे झालं नाही ते या एका वाक्यानं झालं.

२८ मेला मी सातपर्यंत थांबलो, लॅपटॉपवर लॉग उघडून, बाजूला कॅन्टीनचे उरलेले पोहे. सहा वाजले, भोंगा झाला, टोकनची एकच विनंती गेली, पास. स्क्रिप्ट आपल्या वाटेनं गेली, एजंट आपल्या. मी मनात म्हटलं चला, सुटलो.

कसलं सुटलो. कनेक्शन ठीक झाल्यावर कळलं की गेल्या तीन महिन्यांत जे जे चुकलं होतं ते सगळं आम्ही कनेक्शनच्या नावावर खपवलं होतं. जुन्या माणसांचे कोड ००४१७ असे शून्यानं सुरू होतात. टूलच्या व्याख्येत मी कोडला नंबर ठेवलेलं, त्यामुळे ००४१७ चं ४१७ व्हायचं आणि उत्तर ‘असा कर्मचारी सापडला नाही’. वीस वर्षं काम केलेल्या माणसाला मशीन म्हणतंय तू इथे नाहीसच! कोड, बँक खातं, पिन, जे जे बेरजेला येत नाही ते सगळं टेक्स्ट म्हणून ठेवा.

मग याद्यांचा घोळ. एपीआय एका वेळी १०० नावं देतो आणि पुढच्या पानाची खूण देतो. ताईंनी विचारलं टॅक्स डिक्लरेशन किती जणांनी भरलं नाही, एजंटनं पहिलं पान मोजलं आणि छातीठोकपणे आकडा सांगून मोकळा. आकडा बरा वाटला म्हणून कोणी तपासला नाही, हे आणखी वाईट. पानं उलटायचं काम मॉडेलवर सोडू नका, टूलच्या आत सगळी पानं गोळा करा आणि यादीबरोबर एकूण संख्याही द्या.

तारखेचा प्रकार तर क्लासिक. १ एप्रिलला लागलेली दोन मुलं एजंटच्या हिशोबानं ३१ मार्चला लागली होती, म्हणजे सरळ मागच्या आर्थिक वर्षात. एपीआय वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, देत होता, आपली १ एप्रिलची मध्यरात्र म्हणजे तिकडची ३१ मार्च, साडेसहा संध्याकाळचे, साडेपाच तास मागे. टूलमधूनच भारतीय तारीख करून द्या, मॉडेलला मनातल्या मनात वजाबाकी करायला लावू नका.

परवानगीचा एक छुपा प्रकारही आहे. इंटिग्रेशनच्या रोलला एखादं खानं बघायची परवानगी नसेल तर आमचं सॉफ्टवेअर ४०३ देत नाही, ते खानंच गाळून बाकीचं पाठवतं. ओव्हरटाइमचं खानं आलंच नाही, एजंट म्हणाला ओव्हरटाइम शून्य. म्हणून ज्या खान्यांवर उत्तर अवलंबून आहे ती आली की नाही हे टूलनं आधी बघावं, नसेल आलं तर तसं सांगावं.

आणि आता माझं आवडतं. चाकणच्या एका मुलाला फेब्रुवारीत एजंटनंच सांगितलं की तुमचा प्रोफेशनल टॅक्स १०० रुपये जास्त कापलाय, चूक दिसते, एचआरशी बोला. तो बोलला, चांगलाच बोलला. चूक काही नव्हती. महाराष्ट्रात महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० असंच कापतात, वर्षाचे २५०० होतात. आमच्या मध्य प्रदेशात वर्षाला चार लाखांवर पगार असणाऱ्यांचे ११ महिने २०८ आणि शेवटी २१२, तेही २५००, कारण राज्यघटनेच्या कलम २७६ मध्ये वरची मर्यादाच तेवढी आहे. एजंटला मागचे महिने दिसले, हा महिना वेगळा दिसला, तो म्हणाला चूक. ईएसआयचंही (कर्मचारी राज्य विमा) तसंच. पगार २१,००० च्या वर गेला तरी एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च जो काळ चालू असेल तो संपेपर्यंत कपात चालूच राहते, आणि एजंट मध्येच म्हणणार की तुमची कपात आता व्हायला नको. मी आता सरळ लिहून ठेवलंय त्याच्या सूचनांत: कपातीचा आकडा पगाराच्या सिस्टिममधून जसा येईल तसा सांग, बरोबर की चूक हे तू ठरवू नकोस, कोणी विचारलं तर प्रश्न एचआरकडे पाठव.

रंगपंचमीचं राहिलंच. १९ मार्चला इंदूरला सुट्टी, गेर म्हणजे रंगांची मिरवणूक निघते, राजवाड्याकडे पाय ठेवायला जागा नसते, त्या दिवशी इथे कारखाना चालवायचा विचारही कोणी करत नाही. एजंटनं चाकणवाल्यांनाही कळवलं की उद्या सुट्टी आहे. टूल सुट्ट्यांची यादी कंपनीच्या नावानं मागत होतं, लोकेशनच्या नावानं नाही. तिकडचे दोघं खरंच आले नाहीत, आणि त्यांची चूकही नाही, त्यांच्याकडे मेसेज होता.

लिहायच्या कामाबद्दल एकच किस्सा. सुरुवातीला एजंटला रिइम्बर्समेंट टाकायचीही परवानगी होती. एकदा उत्तर यायला उशीर झाला, टाइमआउट झाला, एजंटनं परत पाठवलं, आणि पेट्रोलचे १,८५० दोनदा चढले. पहिली विनंती पोचली होती, फक्त पावती परत आली नव्हती. तुमच्या एपीआयमध्ये आयडेम्पोटन्सी की असेल तर प्रत्येक नोंदीला एकच की द्या, मग दहा वेळा पाठवा, नोंद एकच होते. आमच्याकडे ती सोय नाही, म्हणून आम्ही परवानगीच काढून घेतली, आता एजंट फक्त ड्राफ्ट बनवतो आणि ताई बघून मंजूर करतात. पगाराच्या बाबतीत मला वाटतं हेच बरं, सोय असती तरी.

लॉगबद्दल एक: हे सगळं शोधताना मी पूर्ण उत्तरं लॉगमध्ये साठवायला लागलो होतो आणि मग लक्षात आलं की त्यात पॅन, बँक खाती, सगळ्यांचे पगार उघडे पडलेत. पुसलं लगेच. वेळ, पत्ता, स्टेटस कोड, रिक्वेस्ट आयडी आणि किती नोंदी आल्या, एवढ्यावर सगळं सापडतं.

सपोर्टला लिहितानाही तेवढंच द्या. ‘एजंट चालत नाहीये’ लिहिलंत की ‘रीकनेक्ट करा’ हेच उत्तर येणार, त्यांचं तरी काय चुकलं. मी मेमध्ये त्या दोन विनंत्यांचे रिक्वेस्ट आयडी आणि यूटीसीमधली वेळ पाठवली तेव्हा दुसऱ्या दिवशी उत्तर आलं की हो, जुनं टोकन पुन्हा वापरलं गेल्यामुळे साखळी रद्द झालीय.

२८ जूनला एजंट परत पडला. मी लॉग उघडायच्या आधीच घाम पुसत होतो. टोकनच्या पत्त्यावरून ‘इनव्हॅलिड ग्रँट’, पण आधी दुसरी कुठलीच विनंती नाही, आणि वेळ पाच वाजून पन्नास मिनिटं. विचारत विचारत अकाउंटमध्ये गेलो तर काका म्हणाले, अरे आज २८ ना, बंद पडायच्या आधीच मी रीकनेक्ट करून ठेवलं, तुला त्रास नको म्हणून. नवीन कनेक्शन जोडलं की आमच्या सॉफ्टवेअरमध्ये जुनं आपोआप रद्द होतं, आणि नवीन टोकन त्या डेटाबेसच्या ओळीत कोणी लिहिलंच नव्हतं. काकांना चहा पाजला, आणि त्या बटणाची परवानगी त्यांच्या रोलमधून काढली.